गिरणीतलं तळं

तुम्ही कधी दगड चाटला आहे का?

लाजू नका. लहानपणी माती खाल्ली असेल, पाटीवरची पेन्सिल तर सगळ्यांनीच खाल्ली आहे. ते मी विचारत नाही. मी मोठेपणाचं विचारतोय. अंगात धुतलेला सदरा असताना, डोक्यावर टोपी असताना, चारचौघांच्या देखत खडीच्या ढिगातून एक दगड उचलायचा, धोतराच्या सोग्याला पुसायचा, जिभेच्या टोकानं ओला करायचा आणि उन्हाकडे धरून "आता बघ तरी" म्हणायचं, एवढी हिंमत तुमच्यात आहे का? नसेल तर पुढचं जरा अदबीनं वाचा. कारण आमच्या गल्लीतले आश्रुबानाना हे काम रोज करतात आणि केल्यावर कुणाची माफी मागत नाहीत.

शिरूर कासारला आमच्या घराला लागून नानांची पिठाची गिरणी आहे. भुवया पिठानं पांढऱ्या आणि बोटं दगडाच्या गाळानं राखाडी. मधला माणूस मुळात कोणत्या रंगाचा आहे हे त्यांच्या बायकोला, म्हणजे गयाकाकूंनाही आता नीट आठवत नाही. पुढच्या खोलीत गिरणी ज्वारी-बाजरी दळते. मागच्या खोलीत एक ड्रम दगड दळतो. दळतो हा शब्द गयाकाकूंचा. नाना तो खपवून घेत नाहीत. "दळल्यावर पीठ हुतं," ते म्हणतात. "हितं दगडाचा दगडच ऱ्हातो. फकस्त त्याच्या तोंडावरची झोप जाती."

आमच्याकडच्या काळ्या खडकाच्या पोटात गारगोट्या असतात. नदीच्या पात्रात, विहिरीच्या ढिगाऱ्यावर, नांगरलेल्या रानात, कुठंही सापडतात. वरून बघाल तर चिखलातला बटाटा. तोच ओला केला की आतून मधाचे, दुधाचे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पट्टे उमटतात. जुनी माणसं त्याला अकीक म्हणतात. नाना नुसतं "माल" म्हणतात. ओला केल्याशिवाय माल खरं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. आता ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरच्या वाटेवर घागरींची रांग लागते, तिथं दगड भिजवायला तांब्याभर पाणी कोण देणार? गयाकाकू तर तांब्याच फेकून मारतील. राहिली जीभ. नाना ती वापरतात.

एकदा मी त्यांना विचारलं, की ओलं करून बघितलं म्हणजे झालं, मग एवढं घासत कशाला बसायचं? नानांनी मान वर केली. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पीठ तरंगत होतं, तिकडे बघत राहिले.

"पॉलिश म्हंजे काय रे?" ते म्हणाले. "दगड कायमचा वला करनं. उन्हात ठिवला तरी वला."

या सगळ्याची सुरुवात पाण्यापासून झाली, म्हणजे पाणी न लागण्यापासून. नानांचं गावाबाहेर थोडं रान आहे. भरत, त्यांचा एकुलता मुलगा, तिथं मोसंबीची बाग लावायची म्हणत होता. बोअर घेतली. मशीन दिवसभर खाली जात राहिली आणि वर नुसता धुरळा येत राहिला. शेजारच्या रानात पाण्याचा सर्वे करणारा एक माणूस आला होता. नानांनी त्याला हाताला धरून आणलं. त्यानं बोअरकडे बघितलं, मग बांधावरचा एक पांढुरका दगड उचलला, त्यावर आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि नानांच्या तळहातावर ठेवला. दगडात गोगलगाय होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, वेटोळ्यासकट, जणू आत्ताच घरात शिरून बसली आहे. त्या माणसानं समजावून सांगितलं, की आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून उफाळून आलेला तापलेला रस. तो थरावर थर येत गेला. पण एक थर निवून दुसरा येईपर्यंत फार मोठा काळ मध्ये गेला. तेवढ्यात पाऊस पडला, तळी साचली, तळ्यांत गोगलगाई नांदल्या, आणि पुढच्या थराखाली ते सगळं गाडलं जाऊन गारेचं, म्हणजे गारगोटीचं झालं.

ही हकीगत सांगताना नाना शेवट नेहमी एकच करतात. "आमी इचारलं, पानी हाय का. तो म्हनला, हुतं."

बोअर कोरडी गेल्यावर तिच्या केसिंगचा पाईप उरला. नानांनी त्याचा हातभर तुकडा कापला, आतून ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, दोन्ही तोंडांना झाकणं बसवली आणि मोडक्या कूलरच्या मोटरीला सायकलचं चाक जोडून तो आडवा फिरता ठेवला. आत दगड, पाणी आणि भुकटी. गिरणीच्या कुरुंदाच्या दगडांना अधूनमधून टाकी लावावी, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात. तेव्हा कुरुंदाचा जो चुरा पडतो तीच ही भुकटी. आधी भरड, मग चाळलेली, मग पाण्यात निवळून घेतलेली, आणि सगळ्यात शेवटी फरशी पॉलिश करणाऱ्यांकडची पांढरी पूड. प्रत्येक पायरीला ड्रम कित्येक दिवस फिरतो. एकटा दगड आत घालून चालत नाही. तो आपटून आपटून फुटतो. ड्रम अर्ध्याच्या वर भरलेला लागतो, म्हणजे दगड एकमेकांवरून घरंगळतात आणि एकमेकांनाच घासतात. मध्येच कुणी "झालं का नाना?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "दगडाला घाई न्हाई. तुला कावून हाय?"

ज्या पाईपातून पाणी वर यायचं होतं, त्यात नाना बाहेरून पाणी घालून फिरवतात. मला या गोष्टीचा फार संताप यायचा. नानांना येत नाही.

दगड आणि पीठ एका छपराखाली नांदू लागल्यावर जे व्हायचं ते झालं. गल्लीतल्या कुठल्याही भाकरीत लागलेला कुठलाही खडा नानांच्या नावावर जमा होऊ लागला. एकदा आसारामबापू जेवणावरून उठून तसेच आले, तळहातावर एक खडा घेऊन. हा तुमच्या ड्रमातला, म्हणाले, माझी दाढ हलली. नानांनी खडा घेतला, निरखला आणि कुणाला काही कळायच्या आत चाटला.

"ह्यो मपला न्हाई, बापू," ते म्हणाले. "ह्यो तुमच्या खळ्यावरचा मुरूम हाय. आमच्या मालाला ही चव न्हाई."

बापूंची दाढ राहिली बाजूला. त्या दिवसापासून त्यांनी नानांशी हस्तांदोलन करणं बंद केलं.

गयाकाकूंचं दुखणं वेगळं. ड्रम धुतल्यावर राखाडी चिखल निघतो. पहिल्या वेळी काकूंनी तो घागरभर पाणी घालून मोरीत ओतून दिला. दुसऱ्या दिवशी मोरीत सिमेंट झालं होतं. नळी फोडून काढेपर्यंत काकू रस्त्यावर बसून भांडी घासत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगत होत्या. पुढे त्यांनी त्या चिखलाचा बदला घेतला. दर धुण्याचा गाळ गिरणीपुढच्या ओट्यावर थापत गेल्या. आज तो ओटा तालुक्यात सगळ्यात गुळगुळीत आहे. लोकांच्या बायकांना नवरे डोरलं घडवतात, मला चिखलाचा ओटा घडवला, असं त्या म्हणतात. पण त्या ओट्यावर कुणी चप्पल घालून चढलं तर त्याची धडगत नसते.

मग झाकण उडाल्याची गोष्ट. आतल्या गाळात कधीकधी हवा धरते. नाना रोज झाकण सैल करून ती सोडतात. एके दिवशी विसरले, आणि नेमका त्याच दिवशी नगरपंचायतीच्या निवडणुकीचा एक पुढारी मतं मागायला गल्लीत आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं गमछेवाली पोरं. साहेबांनी कौतुकानं ड्रमवर हात ठेवला आणि तालुक्याच्या विकासाबद्दल बोलायला तोंड उघडलं. झाकण पत्र्याला जाऊन लागलं. साहेब टोपीपासून बुटापर्यंत राखाडी झाले. नाना पुढे झाले, साहेबांकडे निरखून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "घाबरू नका साहेब. वलं झाल्यावरच खरा रंग कळतो."

मी पत्रकं लिहून वाटतो; त्या पुढाऱ्यावरच्या माझ्या चार पानी पत्रकात जे आलं नव्हतं ते या एका वाक्यात आलं. पण नानांना त्यात राजकारण नव्हतं. ते साहेबांच्या बाहीवरचा गाळ बोटांत चोळून बघत होते. त्यांना भुकटी अजून भरड वाटली होती.

पत्रकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ड्रम दिवसरात्र घरघरतो म्हणून गल्लीनं एकदा तो बंद करण्याचं निवेदन द्यायचं ठरवलं आणि लिहायला मला सांगितलं. मी अन्यायावर लिहितो तसंच यावरही लिहिलं. मला दुसरी तऱ्हा येत नाही. नानांनी ते ओट्यावर बसून पूर्ण वाचलं. "तुझं लिखान लई धारदार हाय," म्हणाले. "पर कागद मऊ हाय." मग त्यात चार पॉलिश केलेले दगड गुंडाळून ठेवले. निवेदन तसंच राहिलं, कारण त्याच आठवड्यात मोटर जळाली आणि ड्रम आपोआप बंद पडला. पहिल्या दिवशी सगळे खूश. नंतर एकेक म्हातारं गिरणीच्या दारात येऊन उभं राहू लागलं. कावून बंद हाय? किती दिवस? झोपच लागत न्हाई. शेवटी आसारामबापूंनीच आपल्या घरच्या कूलरची मोटर काढून आणून दिली, खड्यावरून झालेलं भांडण कायम ठेवून.

त्या आवाजाची माणसांना एवढी सवय का झाली, हे कळायला आमची गल्ली दिवाळीनंतर बघायला हवी. सण झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात आणि घरोघरची जोडपी ऊस तोडायला निघून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, चार हात, हिशोबात एक कोयता. या हिशोबाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी वेगळ्या पत्रकात आणि मोठ्या अक्षरांत म्हणेन. इथं एवढंच, की बोअर कोरडी गेल्यावर भरतनंही कोयता धरला, आणि लग्न झाल्यावर त्याची बायको मंगल त्याच्याबरोबर जाऊ लागली. मागं उरतात म्हातारी माणसं. त्यांना दळण किती लागणार? गिरणी बंद, समोर ऊन, गल्लीत एक दार उघडं तर चार दारांना कुलूप. आवाज फक्त ड्रमचा.

अशा दुपारी नाना ओट्यावर बसून तळं बघतात.

तेच तळं, खडकाखालचं. ते त्यांना दिसतं. ते अमुक ठिकाणी असेल, असं नाना म्हणत नाहीत. आहे असं म्हणतात. बसस्टँडपाशी लई खोल. बाजारतळाच्या अंगाला उथळ, तितं लव्हाळं. तहसीलचा रस्ता विचारत कुणी परगावचा माणूस आला तर नाना अगदी मनापासून सांगतात, "सरळ जा. पानी लागंल कमरेइतकं. काठ आला की डाव्या हाताला." तो माणूस धुरळ्याच्या रस्त्याकडे बघतो, नानांच्या भुवयांकडे बघतो आणि पुढे जाऊन दुसऱ्याला विचारतो. पण मी पाहिलं आहे, त्यातले काही जण पहिली काही पावलं जरा जपून टाकतात.

मला या गोष्टींवर विश्वास ठेवणं परवडत नाही. मी डोळ्यांपुढचं लिहिणारा माणूस. तरीही एकदा त्या ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो होतो. गुळगुळीत थर पायाला गार लागत होता. मागं ड्रममध्ये पाणी आणि दगड एका लयीत हलत होते, काठावर येऊन परत फिरल्यासारखे. रस्त्यावर उन्हाच्या झळा उठल्या होत्या. त्यांतून आष्टीची एसटी आली. चाकं दिसत नव्हती, नुसती तरंगत आली. नानांनी पाय वर घेतले. मीही घेतले.

एवढं तळं डोळ्यांपुढे असलेल्या माणसाकडे त्याचा पुरावा मात्र नव्हता. होता, तो त्यांनीच घालवला. ती पहिली गोगलगाय नानांनी ड्रममध्ये घातली होती. खडबडीत होती, ती उजळावी, एवढीच इच्छा. पहिल्या पायरीला वेटोळं स्पष्ट झालं. दुसऱ्या पायरीला त्यात दुधासारखी रेघ उमटली. नानांना वाटलं, अजून जरा. पुढच्या वेळी झाकण उघडलं तेव्हा दगड आरशासारखा झाला होता आणि गोगलगाय नव्हती. ती वरच्या सालीपुरतीच होती. गयाकाकू सांगतात, त्या दिवशी ते जेवले नाहीत. ड्रममधलं राखाडी पाणी टोपल्यातून गाळत बसले, जणू ती बाहेर पडून त्यातच कुठंतरी फिरत असेल. तो गुळगुळीत दगड अजून गिरणीच्या भिंतीतल्या दिवळीत आहे. गिऱ्हाईकांना सगळ्यात सुंदर तोच वाटतो. नाना तो कुणाच्या हातात देत नाहीत.

आता मंगलची ओळख. भरतसाठी मुलगी बघायला आम्ही आष्टीकडच्या एका खेड्यात गेलो होतो. नानांना काकूंनी गाडीतच बजावलं होतं, की तोंड पोह्यांसाठी उघडायचं, दुसऱ्या कशासाठी नाही. अंगणात पाय ठेवल्याबरोबर नाना वाकले, दगड उचलला, पुसला, चाटला. बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुलीच्या वडलांनी काकूंना हळूच विचारलं, की यांना काही त्रास आहे का. तसं काय न्हाई, काकू म्हणाल्या, दगडापुरतंच हाय. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. तिनं हे पाहिलं, हसू दाबलं, पोह्यांचं ताट खाली ठेवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि नानांसमोर धरलं.

"चाटू नका मामा," ती म्हणाली. "तितून शेळ्या जात्यात. पानी घ्या."

मग तिनंच दगडावर पाणी सोडलं आणि सगळ्यांच्या आधी वाकून बघितलं. आत मधाच्या रंगाचे पट्टे होते. सोयरीक तिथंच ठरली. भरत कसा आहे हे विचारायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

तेव्हापासून ऊसतोड संपवून मंगल परत येते तेव्हा तिच्या गाठोड्यात दगड असतात; नदीकाठचे, कालव्याकडेचे, कुठले कुठले. सून ऊस तोडायला जाते का नदी उपसायला, असं काकू विचारतात. ट्रकमधून उतरल्यावर पाणी प्यायच्या आधी मंगल आणि नाना ओट्यावर बसून माल ओला करून बघतात. त्या वेळी मधे कुणी बोलायचं नसतं. टोळीतल्या बायकांना तिनं नानांचं तळं सांगितलं आहे. बाया हसतात. तुझ्या शिरूरला प्यायला पानी न्हाई अन तळं कुठलं, म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात ती परत आली त्यानंतर रेशनच्या दुकानात रांग लागली होती. मंगल होती, पोतं धरायला नाना होते, मागं मी होतो. मंगलनं यंत्रावर अंगठा ठेवला. अंगठा उठेना. दाबून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. दुकानदार काही वाईट माणूस नाही. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली आणि सवयीनं म्हणाला, "वला करून बघा, वहिनी."

मंगलनं अंगठा ओला केला, पदराला पुसला आणि उन्हाकडे धरून बघितला, अगदी नाना दगड बघतात तसा. मग हसली. "मामा, मपल्या तर रेघाच गेल्या की. तुमच्या मालापरीस गुळगुळीत."

रांगेतल्या बायाही हसल्या. कोयत्यानं घासलेले त्यांचे अंगठे काही वेगळे नव्हते. नाना हसले नाहीत. शेवटी कुठल्यातरी बोटावर काम झालं, धान्य मिळालं, पोतं उचललं गेलं. नाना घरी येईपर्यंत रस्त्यातला एकही दगड न बघता चालले. मी त्यावर पत्रक लिहिलं, आणि ते चांगलं झालं होतं. नानांनी एक मागून घेतलं. त्यात त्यांनी दगड गुंडाळले नाहीत. ते घडी करून दिवळीत, त्या गोगलगाय गेलेल्या दगडाखाली ठेवलं.

पोळ्याच्या सुमारास शेजारच्या रानात विहीर खोदायला घेतली. ढिगाऱ्यावर मंगलला दुसरी गोगलगाय सापडली. बोराएवढी, पहिलीपेक्षा मोठी, पांढुरक्या गारेत आडवी झोपलेली. ती पदरात घेऊन मंगल गावातून चालत आली ती ताठ मानेनं, वाटेत कुणालाही न दाखवता. गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्यांनी दगडाला हळदकुंकू वाहायचा बेत केला. मी अंधश्रद्धेवर बोलायला उभाच राहिलो होतो, पण नानांनी दोन शब्दांत मिटवलं. कुंकू नगं, म्हणाले, तिला पानी लागतं.

दिवाळीनंतर ट्रक येऊन उभा राहिला. भरत वर चढला, भांडी चढली, कोयते चढले. मंगल खाली थांबली. तिनं दगड नानांच्या समोर ओट्यावर ठेवला.

"मामा, मी येईस्तोवर चमकवून ठिवा. पुढल्या साली संगं नेते. बायांना दाखवते, तळं हुतं म्हनून." मग जरा थांबून म्हणाली, "पर गोगलगाय गेली न्हाई पायजे."

नानांनी मान हलवली. दगड उचलून धोतराच्या सोग्यात गुंडाळला.

संक्रांतीच्या आधी बाजरी दळायला मी गिरणीत गेलो. ड्रम फिरत होता. मी विचारलं, गोगलगाय कुठवर आली? नानांनी दिवळीकडे बोट केलं. तिथं एक पितळी वाटी होती, काठोकाठ पाण्यानं भरलेली, आणि तळाशी गोगलगाय. पाण्यात ती अशी चमकत होती की मला वाटलं, झाली. मी उचलायला हात घातला तर नानांनी मनगट धरलं. बाहेर काढली असती तर दिसलं असतं, की तिची एकच पायरी झाली आहे. भरड भुकटीनंतर नानांनी झाकण उघडलं तेव्हा बाहेरचं वेटोळं सुतासारखं बारीक झालं होतं. तिला परत आत घालायला त्यांचा हात उचलला नव्हता.

अजून एक पायरी तरी चालली असती, मी म्हणालो. बारीक भुकटी, थोडेच दिवस.

नानांनी वाटीतलं पाणी बोटानं हलवलं.

"लई घासल्यावर काय हुतं ते म्या बघितलंय," ते म्हणाले. "दोनदा."

तेव्हापासून रोज सकाळी ते वाटीतलं पाणी बदलतात. जुनं पाणी दारातल्या तुळशीला. टँकर आला की पहिली ओंजळ वाटीची. दगड भिजवायला तांब्या मागितला तर तो फेकून मारणाऱ्या गयाकाकू या दगडाला माझ्यापेक्षा जास्त पाणी मिळतं म्हणून कुरकुरतात, आणि नाना बाजाराला गेले असले की स्वतः वाटी भरून ठेवतात, पदरानं काठ पुसून. दुपारी नाना ओट्यावर दिसत नाहीत. आत दिवळीसमोर बसलेले असतात. सगळं तळं आता त्या वाटीत आलं आहे.

संध्याकाळी कधी रेंज मिळाली तर मंगलचा फोन येतो. ती फार दमलेली असते, बोलणं थोडंच होतं, पण शेवटी विचारतेच, मामा, चमकली का? नाना म्हणतात, चाललंय. मी म्हटलं, फोटो काढून पाठवतो, तिला बरं वाटेल. नाना नको म्हणाले. फोटोत ओलं दिसत नाही, असं कारण दिलं. खरं कारण त्यांनी बाजरीचा डबा माझ्याकडे सरकवताना, माझ्याकडे न बघता सांगितलं. चमकवून ठिवा म्हनली हुती ती, म्हणाले. कोरडी बघितली तर काय म्हनंल?

आता तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही उसाच्या मुलखात राहत असाल, तर तुमच्या शिवारात आमच्याकडची टोळी असेलच. तिच्यातली एखादी बाई कालव्याच्या कडेला दगड उचलून पदराला पुसताना दिसली, तर ती मंगल असेल. नसली तरी बिघडत नाही. तिच्याजवळ जा. तांब्याभर पाणी द्या. थोडं तिला प्यायला, थोडं दगडाला. तांब्या घेताना तिचा हात दिसेल, तेव्हा नजर वळवू नका.

गोगलगाईचं मात्र काही बोलू नका. ती नाना दाखवणार आहेत.